मैदान शहाण्णव टक्के जमलं, त्याची हकिकत

ती. मामा,

तुम्हाला भाच्याचा साष्टांग नमस्कार, आणि मामींना वेगळा. (मागच्या पत्रात दोघांना मिळून एकच घातला होता, तो आपल्यापर्यंत पोचला नाही असं मामींनी फोनवर हिला सांगितलं.) तुमच्या डाव्या गुडघ्याचं कसं आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटल्यापासून तुम्ही दिवसातून दोनदा गच्चीवर जाता, हेही त्याच फोनवर कळलं. आम्ही इकडे ठीक. हिची मान धरते आणि माझी दाढ दुखते, पण दोन्ही आलटून पालटून, त्यामुळे घरात कोणी ना कोणी कामाला उभं असतं. पत्राला तसं विशेष कारण नाही. कॉलेजात हल्ली काय चाललंय असं तुम्ही विचारलं होतंत, म्हणून लिहितो.

हल्ली असं आहे की शिकवून भागत नाही. मुलं शिकली हे पोर्टलला पटवावं लागतं. पोर्टल म्हणजे कॉलेजने आणलेली संगणकावरची एक व्यवस्था. तिच्यात प्रत्येक शिक्षकाने आपल्या विषयाची 'अध्ययन निष्पत्ती' लिहायची, म्हणजे वर्षाच्या शेवटी विद्यार्थ्याला नक्की काय करता येईल ते. मग ते येतं की नाही हे कोणत्या परीक्षेत तपासलं ते. मग किती टक्के मुलांना आलं तो आकडा, आणि त्याला पुरावा. सत्तावीस वर्षं मी भूगोलाच्या मुलांना सर्वेक्षण शिकवतोय, पण त्यातून काय निष्पन्न होतं हे मला कोणी विचारलं नव्हतं. (मीही विचारलं नव्हतं, पण ते पोर्टलवर लिहायला जागा नाही.) शिकवणी द्यायला समन्वयक बाई नेमल्या आहेत. त्या मूळच्या वाणिज्य शाखेच्या, स्वभावाने शांत, आवाज कधी चढत नाही, त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नाही. मी पहिली निष्पत्ती लिहिली, 'विद्यार्थ्याला जमीन समजेल.' ती लाल होऊन परत आली. बाई म्हणाल्या, समजणं मोजता येत नाही, मोजता येईल असं क्रियापद घाला, आणि चालणाऱ्या क्रियापदांची छापील यादी माझ्या हातात ठेवली. 'ओळखेल' चाललं असतं, 'जाणेल' नाही. 'रेखाटेल' चालतं, 'पाहील' नाही. शेवटी मी 'मोजेल' घातलं आणि चौकट तत्काळ हिरवी झाली. आपल्या घराण्याचा मोजणीचा धंदाच कामी आला म्हणायचा. पोर्टलची आणखी एक खोड आहे. दहा मिनिटं हात हलला नाही तर ते 'आपण आहात का?' असं विचारतं आणि उत्तराला न थांबता बाहेर काढतं. विचार करणाऱ्याची तिथे सोय नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरचे पदार्थविज्ञानवाले मात्र अकरा मिनिटांत मोकळे झाले. पाचही विषयांना अठ्ठ्याहत्तर टक्के. ऐंशी का नाही, असं विचारलं, तर म्हणाले, ऐंशी बनावट वाटतं.

मला ते जमलं नाही. प्रामाणिकपणाचा मोठेपणा मिरवत नाही, मला आकडा सुचला नाही इतकंच. म्हणून मी खरोखरच परीक्षा घेतली. चोवीस मुलं, प्रत्येकाची वही वेगळी. कॉलेजच्या मागच्या मैदानाची लांबी, पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यापासून व्यायामशाळेच्या भिंतीपर्यंत, टेपने मोजून आणायची. बरोबर उत्तर विभागाच्या फायलीत आहेच, एकशे बारा मीटर चाळीस सेंटिमीटर. हा आकडा तुमचाच, मामा. कॉलेजची जमीन पहिल्यांदा मोजली ती तुम्ही, आणि तुमच्या नकाशावरून तो फायलीत आला. तेवीस मुलांनी तोच आणला, कोणी पाच सेंटिमीटर इकडे, कोणी तिकडे. एका मुलीने आणला एकशे चौदा दहा. या मुलीला वर्गात पुन्हाबाई म्हणतात, कारण काहीही सांगितलं की ती 'सर, पुन्हा सांगा' म्हणते. मी तिच्या वहीवर लाल फुली मारली, पोर्टलवर शहाण्णव टक्के भरले, पुरावा म्हणून वह्यांचे फोटो जोडले. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावून हात हातात घेतला. पुढच्या महिन्यात बाहेरून तपासणी समिती यायची होती, तिला दाखवायच्या यादीत माझं मैदान पहिल्या क्रमांकावर गेलं.

त्याच आठवड्यात पुन्हाबाई वही घेऊन स्टाफरूममध्ये आली. तिचं म्हणणं, तिने तीनदा मोजलंय आणि तिन्ही वेळा एकशे चौदाच भरलंय. मी तिला बसवलं आणि मोजणीत चुका कशा शिरतात ते नीट समजावलं. टेप ढिली पडते, शून्याची खूण सरकते, माणूस मध्येच मोजायचं विसरतो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, तुम्ही मोजलंय का ते मैदान?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं होतं. मामा, सत्तावीस वर्षं मी त्या मैदानावर उभा राहून मुलांना मोजायला लावतोय. सावलीची जागा मला पाठ आहे. पण टेपचं टोक मी स्वतः एकदाही हातात धरलेलं नाही, कारण उत्तर फायलीत होतं. मी तिला म्हटलं, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेच्या शिपायाला घेऊन गेलो. (त्यांनाही कॉलेजात सगळे मामाच म्हणतात, पण या पत्रात घोटाळा नको, म्हणून शिपाईच म्हणतो.) त्यांनी टाकीपाशी टोक धरलं आणि मला तेवढ्यात सांगून टाकलं की सर, इथे मुलं मोजायला येतच नाहीत, भिंतीला टेकून मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवून घेतात, ती तेवढी एक पोरगी उन्हात वाकून वाकून मोजत होती. तुम्ही कधी बोलला नाहीत, असं मी म्हटलं. ते म्हणाले, मला वाटलं तुमची तशीच पद्धत असेल. मोजलं. एकशे चौदा मीटर बारा सेंटिमीटर. पुन्हा मोजलं. एकशे चौदा आठ. म्हणजे तेवीस जण चूक आणि पुन्हाबाई बरोबर. शहाण्णवचे झाले चार टक्के.

आता मैदान दोन-तीन पावलं मोठं निघालं तरी कोणाचं काही बिघडत नाही, पण त्या मुलीच्या वहीवर माझी लाल फुली होती. ती खोडली तर पोर्टलही खोडावं लागणार. मी आकडा बदलायला बसलो. पोर्टलने 'आपली खात्री आहे का?' असं तीनदा विचारलं. (शहाण्णव भरताना एकदाही विचारलं नव्हतं.) मग कारणांची यादी उघडली: टंकनदोष, विद्यार्थी गैरहजर, नैसर्गिक आपत्ती, इतर. नैसर्गिक आपत्तीवर माझं बोट क्षणभर थांबलं होतं, ते तुमच्यापासून लपवत नाही. शेवटी 'इतर' निवडून लिहिलं, 'शिक्षकाने स्वतः मोजले नव्हते.' जागाही तेवढीच होती.

तासाभरात प्राचार्यांचं बोलावणं आलं. समन्वयक बाई आधीच बसल्या होत्या. प्राचार्य रागावले नाहीत, ते दमले होते. चार टक्के समितीला कसे दाखवायचे, हा त्यांचा प्रश्न. मी म्हटलं, सर, मलाही तो आकडा आवडलेला नाही. ते म्हणाले, एका मुलीपायी सगळ्या कॉलेजची मान खाली घालायची का? पहिला आकडा राहू दे, तिला आपण खासगीत शाबासकी देऊ. खरं सांगतो, मामा, मी जवळजवळ कबूल झालो होतो. पण दारातून आत येताना ती बाहेरच्या बाकावर वही मांडीवर घेऊन बसलेली दिसली होती.

"सर, मैदान तुमच्या खिडकीतून दिसतं," मी म्हटलं. "समितीने मोजायला घेतलं तर?"

प्राचार्यांनी मान वळवून मैदानाकडे पाहिलं. आजवर त्यांनीही ते मोजायच्या नजरेने पाहिलेलं नव्हतं. बाई त्यांच्या शांत आवाजात म्हणाल्या, फेरपरीक्षेची सोय पोर्टलमध्ये आहे, आजपर्यंत कोणी वापरलेली नाही.

मग फेरपरीक्षा झाली. या वेळी मी टाकीपाशी स्टूल टाकून बसलो आणि शिपाई भिंतीपाशी. जुन्या वह्या बाहेर ठेवल्या. मुलांना पहिल्यांदाच कळलं की टेप गुंडाळायचीही एक रीत असते. एकाने मैदान एकशे एकतीस आणलं, त्याला विचारलं तर तो वाटेत कुत्र्याला वळसा घालून गेला होता. पण चोवीसातल्या सतरांनी बरोबर आणलं. एकाहत्तर टक्के. पुन्हाबाईच्या वहीवरची फुली मी वर्गासमोर खोडली, सही केली आणि आधीची चूक माझी होती हे सांगितलं. ती म्हणाली, सर, तारीख राहिली. तारीख घातली.

इथे हकिकत संपायला हवी होती. पण पोर्टलने चारावरून एकाहत्तरवर गेलेला विषय पाहिला आणि 'वर्षातील सर्वाधिक सुधारणा' असं सोनेरी प्रमाणपत्र माझ्या नावाने आपणहून काढलं. प्राचार्यांनी पुन्हा हात हातात घेतला. समिती आली, चहा प्यायली, फायलींना पृष्ठक्रमांक आहेत का ते पाहून गेली. मैदानाकडे कोणी फिरकलं नाही. पदार्थविज्ञानवाल्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की आधी चार भरायचे ही कल्पना मला सुचली कशी. पुढच्या वर्षी त्यांचा विचार सहा भरायचा आहे. चार बनावट वाटतात.

आणि मुलगी? तिचं पहिल्या वेळीही बरोबर होतं, दुसऱ्या वेळीही बरोबर. पोर्टलच्या हिशेबी तिच्यात सुधारणा शून्य. (जे सात चुकले त्यांचे आकडे निदान बदलले, म्हणून ते 'प्रयत्नशील'.) सगळ्या वर्गात 'मागे पडलेली विद्यार्थिनी' म्हणून तिचं एकटीचं नाव लाल अक्षरांत आलं आहे. तिला सहा तासांचं जादा मार्गदर्शन दिल्याचा दाखला जोडल्याशिवाय ते पुसलं जाणार नाही. मी हे तिला सांगितलं तेव्हा ती प्रथमच हसली.

मामींना आठवण सांगा. गच्चीवर जाणं बंद करा असं सांगायचा मला अधिकार नाही, पण मामींनी पत्रात घालायला सांगितलं होतं, ते घातलं.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. दाखल्यावर मार्गदर्शक म्हणून बाहेरचा तज्ज्ञ चालतो, असं बाई म्हणतात. मुलगी तुमच्याकडून मोजणीच्या जुन्या साखळीने मोजायला शिकू इच्छिते. पुढच्या शनिवारपासून तिला दोन-दोन तास तुमच्याकडे पाठवू का? ती एकच गोष्ट तीनदा विचारते, तुम्हीही तीनदा सांगता, तेव्हा वेळ पुरेल असं वाटतं. पत्राला हेच कारण होतं.

ता. क. दुसरा. एकशे बारा चाळीसबद्दल मनाला लावून घेऊ नका. साखळी जुनी झाली की कड्या ताणून लांबते आणि अंतर कमी भरतं, हे पुस्तकातच आहे. त्या काळच्या साधनांनी एवढंही पुष्कळ होतं.

ता. क. तिसरा. वरचं लिहून पाकीट चिकटवणार, तेवढ्यात पुन्हाबाई आली. तिने कार्यालयाच्या कपाटातून तुमचा मूळ नकाशा शोधून काढला. त्यावर तुमच्या अक्षरात स्वच्छ एकशे चौदा दहा आहे. विभागाच्या फायलीतला कागद ही त्याची नक्कल, नोकरीच्या पहिल्या वर्षी केलेली. अक्षर माझं आहे. तेव्हा दुसरा ता. क. वाचू नये. खरं तर सगळं पत्रच चांगल्या अक्षरात पुन्हा उतरवून काढणार होतो. पण नको, मूळच पाठवतो.