चिकाचा पिझ्झा

७ नोव्हेंबर १९८६, मोहाडी
सासुरवाडीहून, सिहोऱ्याहून परत. डोकं तापलेलं. मोठा जवाई मी. मंदा थोरली, लग्न आमचं आधी. पण सासूबाई 'मोठे जवाई' म्हणते कोणाले? भय्याजीले! धाकटीच्या नवऱ्याले! काहून, तं तो नागपुरात राहते. दिवाळीच्या पंगतीत पहिलं ताट त्याचं. वरून तो म्हणे, त्यानं हॉटेलात पिझ्झा खाल्ला. सासूबाई आ वासून ऐकत राहिली. मी म्हटलं, त्यात काय, मी दोनदा खाल्ला, घरी दहा मिनिटांत करतो. सोळा तारखेले या सगळे, दाखवतो. बोललो तं बोललो.

८ नोव्हेंबर
माझ्या रेडिओच्या दुकानात रद्दीतल्या मासिकात पिझ्झ्याची कृती सापडली. मैदा, यीस्ट, दोन तास फुगवा. दोन तास? या लोकांना कामधंदा नसते. मैदा कॅन्सल. तांदळाच्या पिठाचा चिला, म्हणजे धिरडं, वर टमाटर, वर चीज. खलास. रेडिओ खोलून जोडणाऱ्या माणसाले हे म्हणजे डाव्या हातचा मळ. मंदा म्हणे, चिला तं मी नेहमीच करते. तिले टेक्निकल समजत नाही.

११ नोव्हेंबर
चीज मोहाडीत नाही. भंडाऱ्याले गेलो. दुकानदारानं मलेच विचारलं, ते काय असते. अडाणी. मंदा म्हणे, खोटं कायले बोलले? मी तीनदा खाल्ला आहे, असं तिले स्पष्ट सांगितलं.

१५ नोव्हेंबर, सकाळ
देव आहे! शेजारच्या गोदावरीबाईची म्हैस व्यायली. पहिल्या दुधाचा चीक गरम केला की थिजते. म्हणजे चीजच झालं. अडचण एकच. नालीच्या भांडणापासून दोन वर्षं आमची बोलचाल बंद. मेलो तरी मागणार नाही.

१५ नोव्हेंबर, सायंकाळ
मागितला. गंज, म्हणजे मोठं पातेलं, भरून दिला, पण म्हणे, उद्या नाली तुम्हीच उपसा. हसून राहिली होती, थेरडी.

१६ नोव्हेंबर, सकाळ ७
नाली उपसली. कंबर गेली. गंज धुऊन रिकामाच परत पाठवला. मंदा ओरडली, चिकाचं भांडं रिकामं देत नाहीत, मूठभर तांदूळ टाका. कायले? नाली उपसली ना? तेच तांदूळ समजावं तिनं.
आज पहिलं ताट कोणाचं, ते सगळे पाहतील. भय्याजीचं तोंड पाहण्यासारखं होईल.

१६ नोव्हेंबर, दुपार
टमाटरनं चीक फाटला. पाणी सुटलं. चिल्याचा लगदा. पाहुणे येऊन बसलेले, अन् दहा मिनिटांचा दीड तास झाला. तेवढ्यात गोदावरीबाई दारात. रिकामा गंज पाठवला म्हणून म्हैस पान्हा चोरून राहिली, म्हणे. गल्लीभर बोंब. मी आत, तव्याजवळ. भय्याजी उठला, तिच्या गंजात तांदूळ टाकले, हात जोडले. बाई गेली. चमचा कुठला हा भय्याजी!

१६ नोव्हेंबर, सायंकाळ, पाहुणे गेल्यावर
लिहूनच टाकतो.
ताटं वाढली. मी भय्याजीले सगळ्यांसमोर विचारलं, सांगा, नागपूरचा असाच होता का नाही? तो मान खाली घालून म्हणे, भाऊजी, मी कधी खाल्लाच नाही. काचेबाहेरून पाहिला. दिवाळीत फुशारकी मारली, चुकलो.
जिंकलो! मी हसून सासूबाईकडे पाहिलं.
सासूबाई म्हणे, तुम्ही तं तीनदा खाल्ला म्हणते मंदा. तुम्ही सांगा, असाच असते?
मी म्हटलं, अगदी असाच.
तिनं आणखी एक घास घेतला. ताट बाजूले सारलं. मग मंदाले म्हणे, मोठ्या जवायाले एक साधा चिला टाकून दे, उपाशी असतील.
मी ताट पुढं केलं.
मंदानं भय्याजीले वाढलं.