दुसरा हल्ला फाशांच्या आधी की नंतर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, चाळीस वर्षं पडदे शिवण्याचा धंदा केलेली, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने सोबत टाचलेला डॉक्टरीणबाईंचा दाखला वाचावा. माझ्यावर कुणी दबाव आणलेला नाही. आणू पाहणारे होते, त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. याआधीची माझी दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. राहतं घर, दोन खोल्या आणि गॅलरी, माझ्या लेकीला. जावयाने भिंत पाडून खोली मोठी करायचा विषय माझ्या हयातीत तीनदा काढला आहे, तो का, हे मला कळलेलं नाही. भिंत पाडू नये.

२. शिलाई मशीन, मोठी कात्री आणि पडद्यांच्या कड्यांचा डबा माझ्या मदतनीस बाईंना. बावीस वर्षांत त्यांनी एक सुईसुद्धा घरी नेली नाही. मी मोजत होते, हे त्यांना माहीत होतं, तरी राहिल्या.

३. माझी फौज, म्हणजे शिशाच्या एकशे बारा रंगवलेल्या बाहुल्या, आणि ज्यावर आम्ही लढाई मांडत असू ते टेबल, माझ्या थोरल्या भावाला, पण एका अटीवर. अट कळण्यासाठी खेळ थोडा सांगावा लागेल.

यात अंतर आधी मोजायचं नसतं. नजरेने अंदाज घ्यायचा, हल्ला जाहीर करायचा, मगच पट्टी काढायची. (दादा सुतार आहे. विचार करताना तो कोपरापासून हात टेबलावर आडवा टाकतो. आपला हात किती इंच भरतो, हे सुताराला ठाऊक नसेल?) ज्याच्यावर हल्ला होतो त्याने उभं राहून लढावं किंवा माघार घ्यावी. माघार किती इंच, ते दोन फासे ठरवतात. समोरचा माघार घेतो म्हणाला, तर हल्ला करणाऱ्याला एकदाच दुसरं लक्ष्य निवडता येतं, मात्र फासे पडायच्या आत ते तोंडाने बोलावं लागतं.

सहा वर्षांपूर्वी त्याच्या लांडगेस्वारांनी, म्हणजे लांडग्यांवर बसलेल्या बाहुल्यांनी, माझ्या घोडदळावर हल्ला जाहीर केला. मी माघार घेतली. फासे पडले पाच आणि सहा. घोडदळ सुटलं, आता त्याचे लांडगे उघड्यावर सापडणार होते. तेवढ्यात दादा म्हणाला, "मी तुझ्या तिरंदाजांवर वळलोय."

"फासे बघून वळलास!"

"आधीच बोललो होतो, ठमे. तुझं लक्ष कुठे होतं?"

वहिनी शेजारी बटणं लावत होती. तिला विचारलं तर म्हणे, "मला यात ओढू नका गं, मी टाके मोजत होते." तासभर तिचा धागा एकाच बटणात होता, हे मी पाहिलं आहे.

त्या दिवसापासून आमचा खेळ बंद, येणंजाणंही बंद. तर अट अशी: आधी बोलला की नंतर, हे दादाने खालच्या मजल्यावरच्या औषधवाल्यांसमोर एका वाक्यात सांगावं. न सांगितल्यास फौज आणि टेबल त्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला.

४. या खेळाच्या नियमांचं पुस्तक मी वकिलांकडे ठेवलं आहे, ते तिथेच राहू द्यावं. माघारीच्या पानावर पेन्सिलीची एक खूण आहे. ती माझी नव्हे.

५. हे कलम आज, सही करायच्या आत, वाढवत आहे. साक्षीला येणारे मास्तर तापाने पडले. औषधवाल्यांनी मला न विचारता दादाला फोन केला आणि तो आला. केस सगळे पांढरे झालेत. म्हणाला, "आण इकडे, मी करतो सही."

मी वकिलांचं म्हणणं त्याला सांगितलं: साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सही केलीस तर फौज गेली.

"जाऊ दे. पोरीला मिळेल ना?" मग चष्मा पुसत म्हणाला, "आणि फाशांच्या नंतर बोललो होतो गं. नंतरच."

औषधवाल्यांनीही ऐकलं. सहा वर्षं मला हेच वाक्य हवं होतं. पण त्यातून त्याला आता काहीच मिळणार नाही, तरी ते इतकं सहज कसं आलं? ते ऐकल्यापासून मला नवाच संशय आहे. त्या दिवशी तो खरोखरच आधी बोलला असावा, आणि आज माझ्यासाठी खोटं बोलला. हे मी त्याला विचारणार नाही. कुणीही विचारू नये.

फौज आणि टेबल भाचीला.

ठिकाण: माझी पुढची खोली
दिनांक: १४, मंगळवार, सकाळचे अकरा
लिहून ठेवणार: पडदेवाली (सही)

आम्हा दोघांदेखत बाईंनी सही केली:
साक्षीदार पहिला: औषधवाले, खालचा मजला (सही)
साक्षीदार दुसरा: थोरला भाऊ, धंदा सुतारकाम (सही). मजकूर वाचलेला नाही, ती वाचू देत नाही.