भेगा बुजत नाहीत

३ मार्च
मनासारखं घर मिळालं एकदाचं! तळमजला, दोन खोल्या, स्वयंपाकघराला मोठी खिडकी. नवं ऑफिस चालत गाठता येतं, म्हणजे दुपारी जेवायला येऊन बाबांकडे बघता येईल. त्यांनी आल्या आल्या खिडकीजवळची खुर्ची पटकावली. कानातलं यंत्र काढलं की त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नाही. मी भांड्यांचं खोकं पाडलं तरी स्वारी आपली झाडं बघतेय. खोट एकच. स्वयंपाकघरातल्या फरश्यांच्या सांध्यांना भेगा गेल्यात, त्यांत भरलेलं पांढरं ग्राऊट खपलीसारखं निघतंय.

६ मार्च
फरशीवाला येऊन गेला. म्हणाला, ज्याने कुणी बसवली त्याने उरकून टाकलंय. खाली सिमेंटचा माल पुरता भरलेला नाही, म्हणून पाय पडला की फरशी हलते आणि सांधा फुटतो. हातोडीच्या दांड्याने ठोकून दाखवलं. कडेला भरीव आवाज, मधे रिकाम्या डब्यासारखा. तूर्त जुनं खरवडून नवं ग्राऊट भरलं. टिकलं नाही तर फरश्या उचलू म्हणाला. ओलं होतं म्हणून बाबांना पुढच्या खोलीत बसवलं, तर लहान मुलासारखे रुसले.

९ मार्च
पुन्हा भेगा. ग्राऊट खाली खचलेलं नाही, वर आलंय. आतून कुणी ढकलावं तसं. दुकानातून पुडा आणून मीच भरलं. दुपारी आले तर बाबा फरशीवर पालथे, कान टेकवून. यंत्र टेबलावर होतं. मला बघून त्यांनी गप्प राहायची खूण केली.

१२ मार्च
बाबांनी चमच्याच्या दांड्याने सगळे सांधे उकरून काढले. बोटं सोललीत, नखांत पांढरी भुकटी. मी चिडले. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "बुजवू नकोस गं. त्यांना श्वास घेता येत नाही."
वय झालंय. दुसरं काय.

१३ मार्च
फरशीवाल्याने मधली फरशी उचलली. खाली माती नाही. काहीच नाही. किती खोल आहे बघायला त्याने हात घातला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. काहीतरी थट्टा करत होता, मधेच गप्प झाला. हात बाहेर काढायला त्याला जोर लावावा लागला. हत्यारं टाकून गेला. फोन उचलत नाही.
फरशी परत ठेवली. वर कपाट सरकवलं.

१४ मार्च
भेगा झोपायच्या खोलीत आल्यात. तिथली फरशी तर चांगली होती. घरमालक म्हणतो, महिना संपू दे. नाही. उद्या सकाळी निघायचं, कुठेही. बाबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली.
"घरात आणखी कोण असतं, खालचे विचारत होते," म्हणाले. "मी तुझं नाव सांगितलं."

१५ मार्च
गाडी बोलावलीय. सामान दारात. बाबा खुर्चीत नाहीत. कपाट बाजूला. फरशी उघडी—

हाक मारली. आतून हात वर आला. म्हातारा, नखांत भुकटी. मी डाव्या हाताने घट्ट धरलाय. जड आहेत, ओढवत नाहीत. ओरडले, कुणी येत नाही. वही पर्समध्ये होती. लिहून ठेवते, मला काही झालं तर निदान—

दार वाजलं. गाडीवाला असेल—

नाही. बाबा. गाडी आली का बघायला बाहेर गेले होते. दारात उभे राहून विचारतायत, "कुणाचा हात धरलायस?"

सोडला. मी सोडलाय. त्याने—