आडवा तुकडा

११ सप्टेंबर १९७५
उन्हाळ्यापासून एक अक्षर लिहिले नाही. माफी मागायची तर या पानांचीच – सादळलीत, शाई फुटते. घरात कोरडे काही उरलेलेच नाही. कस्तुराच्या खोलीत ओल खिडकीपर्यंत चढली. डॉक्टर म्हणाले, "दम्याला आधी कोरडी हवा, मग औषध." ती तळेगावला माहेरी, भावाकडे गेली आहे. जाताना म्हणाली, "भिंत वाळली की कळवा."

१४ सप्टेंबर
घर बांधणाऱ्या धोंडीबा गवंड्याला बोलावले. सिमेंट कमी घातलेस, असे तोंडावर म्हणालो.
"पाणी खालनं येतंय, साहेब. पाया उकरून बघू."
मी आवाज चढवला. कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढतो. घरी तरी थांबावे की नाही?

१८ सप्टेंबर
नव्या रंगाचाही पोपडा निघाला. रविवारी उकरायचे.

२१ सप्टेंबर
कस्तुराच्या खोलीबाहेर खणले. पायाच्याही हातभर खाली घडीव दगड लागले – गोल वळत आमच्याच भिंतीखाली गेलेले. धोंडीबाने फावडे बाजूला ठेवले. जमीन जिच्याकडून घेतली ती गवराबाई बांधावर उभीच होती.
"घावला व्हय आड?"
"कसला आड?"
"आमचाच की. सासऱ्यानं बुजिवला. सांगितलं हुतं तुमास्नी, ह्यो आडाचा तुकडा हाय. तर तुमीच म्हणला, आजी, आडवा म्हणा!"
धोंडीबा तोंड फिरवून हसला.
जागा रस्त्याला आडवी. मला वाटले, म्हातारी अशुद्ध बोलते. आड म्हणजे विहीर, हे मला माहीत नव्हते थोडेच! पण दुसऱ्याचे बोलणे ऐकायच्या आधी ते सुधारायचे – ही खोड कधी लागली?

२२ सप्टेंबर
डांबर लावून काही होणार नाही, असे धोंडीबा म्हणतो. कस्तुराचा पलंग बरोबर त्या आडावर आहे. चूक माझी होती, असे त्याला सांगितले. "असू द्या," म्हणाला आणि घमेले उचलून गेला.

२५ सप्टेंबर
तळेगावला जाऊन आलो. कस्तुरा ओसरीवर तांदूळ निवडत होती. श्वास मोकळा. किती दिवसांनी असा ऐकला. आडाचे सगळे सांगितले. तिचा हात थांबला नाही.
"मला तेव्हाच कळलं होतं."
"मग बोलली का नाहीस?"
"तुम्ही त्या आजींना शब्द शिकवत होतात. मी मध्ये कुठं बोलू?"
इतक्या वर्षांत तिचे किती शब्द दुरुस्त केले असतील मी? आणि किती तिने उच्चारलेच नसतील?
आपण दोघे इकडेच राहू, म्हणालो. स्टेशनामागे एक खोली तिने आधीच पाहून ठेवली आहे.
"लहान आहे," म्हणाली. "एकटीला पुरेल."
मी काही दुरुस्त केले नाही.

२६ सप्टेंबर
उद्या : कस्तुराचा पलंग तळेगावला पोचवणे.