दुहेरी अक्षरांचं सेंट

आबा, गेल्या रविवारी मी धाकट्या भावाच्या विश्रामबागेतल्या फ्लॅटवर गेले होते. तुम्ही गेल्यापासून इतकी वर्षं अमेरिकन सेंटांचा तुमचा डबा त्याच्याकडेच आहे. त्यातलं दुहेरी अक्षरांचं ते एक खास नाणं विकून त्याला मुलीची फी भरायची होती. जुन्या नाण्यांचा व्यापारी बघायला येणार होता. माझ्यासमोरच दाखव, असं मीच सांगितलं होतं. नाणं त्याच्या एकट्याच्या हाती राहू नये, असं मला वाटत होतं. संशय घेणं मी तुमच्याकडूनच शिकले.

कोचीनला तुमचं सोनं-चांदी गाळायचं, गलाईचं दुकान होतं, तेव्हा सुट्टीत मी कवठे महांकाळहून तिकडे येत असे. गिऱ्हाईक आपलं सोनं वितळताना मुशीवरची नजर काढत नसे. "त्याला आपला भरवसा न्हाई, आपल्याला त्याचा न्हाई, म्हणून धंदा नीट चालतो," असं तुम्ही म्हणायचात. बंदरावरचा एक माणूस परदेशी चिल्लर वजनावर आणून टाकायचा. तुम्ही त्यातली एक सेंटची नाणी वेगळी काढायचात आणि भिंग माझ्या हातात द्यायचात. "अक्षरं दोनदा दिसली म्हणून भुलू नगं. नाणं पाडायचा ठसाच दुहेरी कोरला आसंल तर दोन्ही अक्षरं सारखी उठावदार दिसत्यात, त्याला लय मोल. मारताना ठसा हलला आसंल तर अक्षराशेजारी नुसती चपटी पायरी. ते फुकाचं." एकदा मी असंच पायरीचं नाणं आनंदानं दाखवलं, तर म्हणालात, "असल्या डोळ्यानं गलाईवाल्याची पोर शोभतीस व्हय?" ते खास नाणं मात्र पुडीतून लांबूनच दाखवायचात. त्याला भिंग लावायला कुणालाच मिळालं नाही.

व्यापाऱ्यानं भिंग लावलं आणि लगेच नाणं खाली ठेवलं. "ठसा हललाय हो. ह्याचं काय येणार?" मीही बघितलं. पायरीच होती.

तो गेल्यावर मी विचारलं, "आबांचं नाणं कुठाय?"

"आक्के, ह्येच की."

"आबा चुकत नव्हते."

"म्हंजे मी बदललं?" त्याची बायको चहा घेऊन दारातच थांबली. धाकटा म्हणाला, "आता मलाबी मुशीत घालून बघतीस का?"

मी नाणं उजेडात धरलं. कडेला एक जागा घासून गुळगुळीत झालेली होती. मनात भरलेली कुठलीही वस्तू तुम्ही आधी कसोटीच्या दगडावर ओढायचात, मग ती तांब्याची का असेना. डब्यातल्या दुसऱ्या कुठल्याच नाण्याला तशी खूण नाही. धाकट्यानं तर तो दगड कधी हातातही धरला नाही. म्हणजे हे तेच नाणं.

मग तुम्ही फसलात, की तुम्हाला माहीत होतं? आम्हाला भिंग का लावू दिलं नाहीत? हे मी आता कोणाला विचारू?

काल धाकट्याचा फोन आला. "आक्के, आजून मीच चोर का गं?"

"बघू," एवढंच मी म्हणाले.

त्या घासलेल्या जागेबद्दल मी त्याला सांगितलेलं नाही. हा कागदही त्याच्या हाती पडू देणार नाही. सांगितलं की तो सुटेल आणि चुकलेले तुम्ही उराल. खरं सांगते आबा, भाऊ चोर निघाला असता तर मला बरं वाटलं असतं.