दुसरा गिअर आणि इतर किरकोळ आवाज

४ जानेवारी, रविवार
घेतली! लाल. दोन दारं, दोन सीट्स, जमिनीला पोट लागेल इतकी खाली. एवढ्या स्वस्तात कशी मिळाली असं लोक विचारतील, तेव्हा नुसतं हसायचं. विकणारा वकील फार सज्जन. टेस्ट ड्राइव्हला मला स्टिअरिंगला हातही लावू दिला नाही. तुम्ही आरामात बसा, म्हणाला. पहिल्या गिअरवरून थेट तिसऱ्यावर जायचा. याला म्हणतात हात बसणं. आमची जुनी चार दारांची गाडी त्याने बदल्यात घेतली, तेही कुरकुर न करता.

संध्याकाळी. सौ.ने खिडकीतून पाहिलं. खाली आली नाही. पिल्लू आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, बाबा, मी कुठे बसायचं? सीटच्या मागे फळी आहे, उशी टाकली की झकास, असं सांगितलं. तिथे दप्तर मावेल, म्हणाली. अकराव्या वर्षीच कल्पनाशक्ती आटली पोरीची.

६ जानेवारी, मंगळवार
दुसरा गिअर टाकताना कर्रर्र होतं. विशेष काही नाही. नव्या घरात रुळायला वेळ लागतोच.
गॅरेजची पायरी चढायची नाही. मी कर्णयंत्रांच्या दुकानात लोकांचे कान तपासतो. ऐकणं हाच माझा धंदा. संकल्प: दोष स्वतः शोधायचा आणि महिनाअखेर स्वतः काढायचा.

१० जानेवारी, शनिवार
निदान: क्लच. पेडल सैल वाटलं, म्हणून तार आवळली. आता पेडल इतकं जड की डावा पाय सुजलाय. कर्रर्र कायम. म्हणजे क्लच नव्हे. एक कारण बाद झालं, हीही प्रगतीच.
सौ. म्हणाली, आज पिल्लूच्या शाळेत आईवडिलांना बोलावलं होतं. मी विचारलं, मग? मग काही नाही, बसने जाऊन आले, म्हणाली. चला, बसची सोय आहे हे बरंय.

१४ जानेवारी, बुधवार
गिअरचा आवाज फोनवर रेकॉर्ड केला आणि दुकानातल्या आवाजबंद खोलीत हेडफोन लावून ऐकला. पुन्हा पुन्हा ऐकला. बाहेर माणसं ताटकळली. गडबडीत एका आजोबांच्या कानावर तपासणीऐवजी तोच आवाज गेला. सुनेचा शब्द ऐकू येत नाही अशी ज्यांची तक्रार होती, ते ताडकन उठून रस्त्यावर. म्हणजे कान शाबूत आहेत. तपासणी झाली की नाही? पण मालकांनी मला झापलं. गाढवाला गुळाची चव काय.

१८ जानेवारी, रविवार
सौ.ला काहीतरी बोलायचं होतं. जरा बस, म्हणाली. मी म्हटलं, गाडीत बसू, एक चक्कर मारू, बोलणंही होईल आणि आवाजही ऐकता येईल. आली बिचारी. बराच वेळ बोलत होती. कधीपासून, किती वेळा, असं काहीतरी. माझं लक्ष तिसऱ्या गिअरकडे. तिथेही सुरू झालंय. हे तिला सांगितलं, तर एकदम गप्प झाली. मला नीट ऐकू यावं म्हणून. अशी समजूतदार बायको मिळायला नशीब लागतं.

२० जानेवारी, मंगळवार
सौ. आणि पिल्लू मेहुण्याकडे गेल्या. चार दिवस आराम. सामान: मोठ्या बॅगा, पिल्लूची वह्या-पुस्तकं, युनिफॉर्म, शिलाई मशीन. चार दिवसांसाठी शिलाई मशीन! बायकांचं पॅकिंग. आपल्या गाडीत काही मावेना, म्हणून मेहुण्याने टेम्पो आणला. मशीन खाली उतरवायला मीच हात लावला. फार जड आहे. मेहुणा माझ्याशी बोलला नाही, दम लागला असेल.

२४ जानेवारी, शनिवार
गॅरेजवाल्याकडे गेलो. दुरुस्तीला नव्हे, नुसतं मत घ्यायला. त्याने एक चक्कर मारली. म्हणाला, गिअर बदलताना आतल्या चाकांचा वेग जुळवायला पितळी कड्या असतात, त्या झिजायला लागल्यात. चार नंबरचं गिअर ऑइल घाला, सावकाश चालवा, ओरबाडू नका, अजून वाचेल. पितळेचं मीही म्हणणारच होतो.
ऑइलच्या दुकानात चार नंबरच्या शेजारीच पाच नंबर. जास्त घट्ट, जास्त महाग. चारापेक्षा पाच मोठे हे पहिलीतलं पोर सांगेल. पाच घेतलं. दुकानदार म्हणाला, हे ट्रकच्या मागच्या अॅक्सलला घालतात. ट्रकला सोसतं ते माझ्या गाडीला सोसणार नाही? जिवाभावाच्या वस्तूसाठी हात आखडता घेऊ नये.

२ फेब्रुवारी, सोमवार
पिल्लूचा फोन. बाबा, कधी येणार? म्हटलं, रविवारी, लाल गाडीतून, मग तिघं फिरायला जाऊ. तिघं कशात, तिने विचारलं. फोन आईला दे, म्हटलं. आई घरात नाही, म्हणाली. मागून सौ.चाच आवाज आला, नाही म्हणून सांग. तयार कानाचे तोटे.
दूध संपलंय. घर फार शांत आहे. मला आवडत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
निघण्याआधी खबरदारी म्हणून ऑइल उतरवून पाहिलं. काय सुंदर दृश्य! तेलात सोनेरी चमक, उन्हात धरलं तर डोळे दिपतात. झीज आहे का बघायला लोहचुंबक फिरवलं. एक कण चिकटला नाही. म्हणजे झीज शून्य! चमक म्हणजे आत वर्षानुवर्षं बसलेला मळ सुटतोय. औषध लागू पडलं. पुन्हा पाच नंबरच भरलं, काठोकाठ.
या सगळ्यात संध्याकाळ झाली. मेहुण्याचा फोन आला. पोरगी सकाळपासून बूट घालून बसलीय, म्हणाला. मी म्हटलं, पुढच्या रविवारी नक्की. त्यावर तो जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार
निघालो. चौकापर्यंत गेलो. दुसरा लागेचना. जोर लावला तर दांडा हातात येईल असं वाटलं. मागे हॉर्नचा कल्लोळ. पहिल्यातच रखडत परत आलो.
बसने जाता आलं असतं. पण बसने गेलो असतो तर सौ.ला वाटलं असतं की गाडी बिघडलीय. तिच्यासमोर पडतं घ्यायचं नाही. गाडी नीट झाली की सगळंच नीट होईल. आधी गाडी.
पिल्लूने फोन उचलला नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार
गॅरेजवाल्याने फडक्यावर तेल घेतलं, बोटांनी चोळलं. म्हणाला, हे पितळ आहे. पितळ चुंबकाला चिकटत नाही. हे ऑइल पितळ खातं. कोणी घातलं? म्हटलं, आधीच्या मालकाने. तो माझ्याकडे पाहत राहिला. लोकांना टक लावून बघायची सवय असते.
त्याचं म्हणणं, कड्या संपल्या, आता गिअरबॉक्स उतरवून जवळजवळ सगळंच बदलायचं. दुसरा, तिसरा गेले. ओरबाडून ओरबाडून रिव्हर्सचे दातही झडलेत. पहिला आणि चौथा तेवढे शिल्लक. हलवू नका, इथेच ठेवा, म्हणाला.
माणूस चांगला, पण घाबरट. निघायला पहिला पुरतो, पोचायला चौथा. पुढे जाणाऱ्याला रिव्हर्स हवाय कशाला?

२६ फेब्रुवारी, गुरुवार
सौ.चा फोन आला. स्वतःहून! म्हणाली, रविवारी येऊन जा, समोरासमोर एकदाच बोलून घेऊ. एकदाच. म्हणजे भांडण वाढवायची इच्छा नाही. मी गाडी धुतली. आतून पुसली. मागच्या फळीवर नवी उशी ठेवली, निळी, पिल्लूला निळा आवडतो. बहुतेक आवडतो.

१ मार्च, रविवार
पोचलो. पहिल्यातून एकदम चौथा टाकला की गाडी म्हाताऱ्यासारखी खोकते, पण पोचलो. मेहुण्याची गल्ली अरुंद, टोकाला भिंत. त्याच्या दारातच दिमाखात थांबलो. वर गॅलरीत पिल्लू होती. मी हॉर्न वाजवला. तिने आत बघून आईला हाक मारली.

सौ. खाली आली. मनात म्हटलं, जिंकलो. आतूनच पलीकडचं दार उघडून दिलं. ती बसली नाही. वाकून म्हणाली, गाडी मागे घे, मागे टेम्पो अडकलाय. मी म्हटलं, घेतो, तू बस तरी. टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवूनच होता. दुसऱ्यांदा म्हणाली, मागे घे. तेव्हा सांगावं लागलं, मागे जात नाही.

मग तिने ते दार लावलं, पुढे आली आणि बॉनेटवर दोन्ही हात ठेवले. मेहुणा आला. टेम्पोवाल्याने आपली गाडी मोठ्या रस्त्यावर काढली आणि शिव्या देत तोही आला. पिल्लू धावत खाली आली आणि आईच्या कुशीपाशी, गाडीच्या दिव्याजवळ हात टेकून उभी राहिली. तू फक्त सरळ धर, सौ. मला म्हणाली. आणि सगळे मला ढकलायला लागले.

इतक्या दिवसांनी आम्ही तिघं एका जागी होतो, मधे फक्त काच. पण गाडी मागे न्यायची होती, मान वळवून मागे बघणं भाग होतं. एकदाच समोर पाहिलं. सौ. रडत नव्हती. चिडलीही नव्हती. रस्त्यात बंद पडलेल्या कुणाही माणसाची गाडी ढकलावी, तशी ढकलत होती. मी पुन्हा मागे बघायला लागलो.

मोठ्या रस्त्यावर आल्यावर पिल्लूने हात झटकले आणि फ्रॉकला पुसले. सौ.ला धाप लागली होती. मी काच खाली करून म्हटलं, बोलायचं होतं ना आपल्याला? पुढच्या रविवारी येतो, गाडी नीट करूनच येतो. ती म्हणाली, येऊ नकोस, आता बोलायचं काही उरलं नाही. स्पष्ट म्हणाली. पण रस्त्यावर वर्दळ होती, म्हणून मी विचारलं, काय?

तिने पुन्हा सांगितलं.