ईस्टरच्या नाचाची तयारी

शनिवार, १ मार्च
निर्णय झाला. ईस्टरच्या सोमवारी ऑइस्टिन्सच्या किनाऱ्यावर जुन्या नाचाची स्पर्धा आहे. मी उतरणार. जोडीला वेल्डा इनिस.
वेल्डाला अजून विचारलेलं नाही. पण काल संध्याकाळी तिच्या टपरीवर मासा घेतला, तेव्हा तिने माझ्या ताटात भट्टीत भाजलेल्या मॅकरोनीचा जास्तीचा तुकडा न मागता टाकला. विधवा बाई असं उगाच करत नाही.
उद्यापासून रोज प्रॅक्टिस. रम बंद. गोड बंद.
युरलीचं म्हणणं, आधी पायाकडे बघ. युरली माझी थोरली बहीण. ती माझ्या घरात राहते आणि सगळ्यांना सांगते की मीच तिच्या घरात राहतो. पायाला काही झालेलं नाही. नवीन पांढरा बूट डाव्या अंगठ्याला चावलाय, बस. अस्सल चामडं सैल व्हायला वेळ घेतं.

सोमवार, ३ मार्च
प्रॅक्टिस सुरू. व्हरांड्यात, रेडिओ लावून. युरली आतून ओरडली, कपाटातल्या कपबशा नाचतायत, निदान त्यांचा तरी ताल धर म्हणून.
मग तिचं नेहमीचं. शुगरच्या गोळ्या का सोडल्यास, दवाखान्यात का जात नाहीस. मी शांतपणे सांगितलं की मला बरं वाटतंय. बरं वाटत असताना गोळ्या घेणं म्हणजे डेपोत उभ्या असलेल्या बसमध्ये डिझेल ओतत बसणं. जन्मभर बस चालवली, एवढं मला कळतं.
ती म्हणाली, बसला तरी वर्षातून एकदा खाली वाकून बघायचास.
नारळाचा गोड पाव खाल्ला. उरला होता, टाकून कसा द्यायचा?

शुक्रवार, ७ मार्च
किनाऱ्यावर गेलो. सूर्य बुडायच्या आत गेलं की बाक मिळतो. धूर, स्पीकर, निम्मं गाव. वेल्डाला विचारलं. ती मार्लिन माशाचे तुकडे उलटत होती. म्हणाली, कार्लाईल, माझ्या हातात झारा आहे, तुला दिसत नाही का?
हे नाही म्हणणं नव्हे.
तिथे सीबर्ट हजबंड्‌स होताच. कस्टममधला रिटायर्ड कारकून, टोपी घालून नाचतो. मला बघून सगळ्यांसमोर ओरडला, अरे ड्रायव्हर, तू नाचतोस की ब्रेक मारतोस? लोक हसले. वेल्डाही हसली, पण ते लोकांना संशय येऊ नये म्हणून.
एक रम घेतली, केवळ शिष्टाचार. दुसरी घेतली कारण पहिली लहान होती.

बुधवार, १२ मार्च
आनंदाची बातमी. अंगठ्याचं दुखणं थांबलं. कमी झालं नाही, थांबलंच! टाचणी लावून पाहिली, काही नाही. शरीर आपलं आपण दुरुस्त होतं, त्याला वेळ द्यावा लागतो.
युरलीने चष्मा लावून पाहिलं. म्हणाली, हा रंग मला आवडत नाही. न्हाणीघरातला दिवाच पिवळा आहे, रंग कुणाचा बरा दिसेल? तिच्या समाधानासाठी कोरफडीचा गर बांधून घेतला.

शुक्रवार, १४ मार्च
वेल्डा हो म्हणाली!
नेमके शब्द: एक गाणं, कार्लाईल, मग मला कामाला सोड. अॅप्रन काढला, हात पुसले आणि सिमेंटच्या चौकात माझ्याबरोबर उतरली. सूर्य पार पाण्याला टेकलेला, सगळ्यांची तोंडं तांबडी. काय हलकी बाई! गिरक्या घेतल्या. सीबर्ट बघत होता.
मधेच ती थबकली. म्हणाली, हा वास कसला येतोय? मी म्हणालो, माशांचा. माशांच्या टपऱ्यांमध्ये उभं राहून हा प्रश्न! तिने माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. डोळ्यांत पाणी होतं. जवळपास कुणी कांदा चिरत नव्हतं.
विचारलं, तू डॉक्टरकडे कधी गेला होतास?
माझी काळजी करते. आता मला शंका नाही.

गुरुवार, २० मार्च
युरलीने परस्पर दवाखान्यात नंबर लावला होता. निघालो तिकडेच, पण वाटेत न्हाव्याचं दुकान रिकामं दिसलं. असा योग रोज येत नाही.
थोडा ताप आहे. थंडीही वाजते. हवामान विचित्र झालंय.
अत्तराची मोठी बाटली आणली. युरली म्हणाली, कुणाला फसवतोयस? मी म्हणालो, कुणाला नाही, नाचणाऱ्याने टापटीप राहावं. ती स्वयंपाकघरात जाऊन बसली.

शुक्रवार, २८ मार्च, दुपार
आज पूर्ण प्रॅक्टिस. आज तिला स्पर्धेचं सांगणार आणि जमलं तर पुढचंही. पांढरे बूट पुसले. डावा चढवायला जरा कष्ट पडले, उकाड्याने पाय सुजतात. पट्टी दोन पदरी केली. प्रकृती उत्तम. जिना उतरताना दोनदा बसावं लागलं, पण ते उत्साहाने.

शनिवार, २९ मार्च, सकाळ, हॉस्पिटल
इथे एका रात्रीपुरता आहे. घडलं ते नीट लिहून ठेवतो, कारण लोक काहीबाही सांगतील.
पोचलो तेव्हा सूर्य बुडत होता. वेल्डा नको म्हणत होती. म्हणाली, आज बस, खा, आपण बोलू. मी तिचा हात धरून ओढलीच. तिसऱ्या गाण्याला मी असा रंगात आलो की माणसं मागे सरकली, गोल रिकामा झाला. इतक्या वर्षांत माझ्यासाठी कुणी अशी जागा केली नव्हती. एका बाईने तोंडावर हात घेतला. मी आणखी एक गिरकी घेतली.
मग स्पीकर बंद झाला. बंद केला सीबर्टने. मी म्हणालो, जळतोस का? तो जवळ आला. टोपी काढून म्हणाला, कार्लाईल, खाली बघ.
सिमेंटवर तांबडे ठसे होते, जिथे जिथे मी नाचलो तिथे. मला वाटलं सॉस सांडलाय. तसं बोललोही. कुणी हसलं नाही.
वेल्डाने मला बाकावर बसवलं आणि बूट काढला. फुटक्या बाटलीची काच होती, बुटाच्या तळातून तळव्यात पुरी गेलेली. मला पत्ता नव्हता. पण ती काचेकडे बघत नव्हती. अंगठ्याची पट्टी सोडली तशी जवळच्या बाकांवरची माणसं उठून गेली. ती नाही उठली. म्हणाली, हा वास मी ओळखला होता रे. माझ्या नवऱ्याच्या पायाचा असाच होता. दोन वर्षं माझ्या घरात होता हा वास. मी त्याच दिवशी तुला फरफटत न्यायला हवं होतं.
मी तिला म्हणालो, रडू नकोस, ईस्टरला अजून वेळ आहे.
सीबर्टने गाडी काढली. सीटवर स्वतःचा कोट अंथरला. गाडी बरी चालवतो, पण वळणावर गिअर चुकतो. त्याला सांगितलं.

बुधवार, २ एप्रिल
डॉक्टरीणबाई म्हणतात, गुडघ्याच्या खाली. मी अंगठा देऊ केला. मग दोन बोटं. मग सगळी बोटं, टाच माझी. बाई तरुण आहेत, शांत आहेत. म्हणाल्या, मिस्टर गिटेन्स, मी घासाघीस करत नाहीये, विष वर चढतंय. सही युरलीच्या समोर केली.
मी ठरवलंय, हे तात्पुरतं संकट आहे. हल्ली पाय बनवून मिळतात, चांगले असतात म्हणे. पुढच्या ईस्टरला नाचू. वेल्डा थांबेल.

बुधवार, ९ एप्रिल
नाही तो पाय दुखतो. जेव्हा होता तेव्हा दुखत नव्हता. सिस्टर म्हणाल्या, असं होतं.

रविवार, १३ एप्रिल
वेल्डा आली. माशाचं सूप आणलं होतं, मिठाशिवाय. टपरीवरचा अॅप्रन नाही, चर्चचा ड्रेस, म्हणून आधी ओळखलीच नाही. मी तिला कृत्रिम पायाचं सांगितलं, व्यायामाचं सांगितलं आणि मग पुढचंही सांगितलं. जे त्या दिवशी सांगायचं राहिलं होतं ते.
तिने पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, कार्लाईल, तू चांगला माणूस आहेस. पण पट्ट्या बदलणं, सुया टोचणं, रात्री उठवून पाणी देणं, हे मी एकदा केलंय. शेवटपर्यंत केलंय. परत होणार नाही माझ्याच्याने.
मी म्हणालो, मी स्वतः बदलीन पट्ट्या.
ती म्हणाली, तोही असंच म्हणायचा.
सुपाचा डबा नेला नाही. याचा अर्थ काढायला बसलो होतो. मग सोडून दिलं. नुसती विसरली असेल.

सोमवार, २१ एप्रिल
ईस्टरचा सोमवार. खिडकी पश्चिमेला नाही. समोरच्या भिंतीवर ऊन तांबडं झालं आणि गेलं, त्यावरून कळलं. खाटेवर बसून ऐकायचा प्रयत्न केला, पण किनारा इथून लांब आहे.
युरली आली होती. तिने घमेल्यात कोमट पाणी आणलं, खाली बसली आणि माझा उरलेला पाय धुतला. साबण लावून, बोटाबोटाच्या मधे. मग टॉवेलने कोरडा केला, एकेक बेचकी. लहानपणी ती मला अशीच धुवायची, तेव्हा मी पाय झाडून तिला भिजवायचो, म्हणे.
तळव्यावरून बोट फिरवून तिने विचारलं, गुदगुल्या होतात का रे?
होतात म्हणालो. हसूनही दाखवलं.
होत नव्हत्या.